मागचा निळा पोर्ट

सासू : बघ, कसा वागतोय! बैलसुद्धा मालकिणीच्या दाराला अशी धडक देत नाही. अडसर लावला म्हणून बरं, नाहीतर एव्हाना कारखान्यात शिरला असता. तुझं काय झालं गं? उतरलं का ते सकाळचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्या छोट्या डिस्कवर?

सून : नाही हो आई. आधी भराभर गेलं, आता गोगलगाय झालीय. असंच चाललं तर संध्याकाळ होईल.

मुलगा : (बाहेरून, दारावर लाथा घालत) आई! दार उघड! तो कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर फोडल्याशिवाय मी हलणार नाही!

सासू : फोडायचाच छंद तुला! बायकोच्या हातावर फळी हाणलीस, तेव्हा डोक्यावरचा कॅमेरा दिसला नाही वाटतं?

मुलगा : पडली ती! मागच्या वेळी डॉक्टरला तूच सांगितलंस ना, पडली म्हणून?

सासू : जिभेला हाड नसतं रे. तिच्या हाताला होतं, ते मोडलंस.

सून : आई, एका हातानं टाइप होत नाहीये. थांबा... या कॉम्प्युटरमधल्या लिनक्सलाच विचारते काय अडलंय. डिस्क चांगली आहे, कुठे बिघाड दाखवत नाही. पण जोडणी जुन्या, मंद वेगानं झालीय. डिस्क जोडायचा हा पुढचा पोर्ट म्हाताराय, त्यात ही लांबलचक वायर.

सासू : मग मागून लाव की.

सून : मागं तुमची टेप आहे! भुसा जाऊ नये म्हणून सगळी पाठ चिकटवून टाकलीत. वेगवान निळे पोर्ट त्याखालीच आहेत.

सासू : जळलं मेलं माझं शहाणपण. सरक, मी ओरबाडते.

सून : पण मग आत्तापर्यंत उतरलेलं सोडून पहिल्यापासून घ्यावं लागेल.

सासू : सोड. ओल्या लाकडावर बोथट करवत किती वेळ घासणार?

मुलगा : काय कुजबुजताय? खिडकी फोडतो आता!

सून : आई, काच!

सासू : फुटू दे. ही बघ, निघाली टेप. हाच का निळा?

सून : हाच. मी इकडून थांबवते... हं, आता उपटा. थेट लावा, मधली वायर नको. लागली! आई, पळतंय बघा!

सासू : पळू दे. पोलीस कुठवर आले असतील?

सून : तुमच्या फोनवर तर निघालो म्हणाले. पण हातात काही दिसलं नाही, तर पुन्हा 'नवरा-बायकोचं भांडण' म्हणून माघारी जातील. मग रात्री मी आणि हा, एकाच घरात.

मुलगा : रात्रीपर्यंत कोण थांबतंय! हात आत आलाय माझा. खिडकीची कडी निघाली की कॉम्प्युटर आणि तुझं टाळकं, दोन्ही एकाच फळीनं!

सून : झालं, आई! शंभर टक्के दाखवतंय!

सासू : मग काढ ना!

सून : नको! नुसतं दाखवतंय. शेवटचं सगळं अजून डिस्कवर लिहून व्हायचंय. आत्ता उपटली तर अर्धवट राहील. कॉम्प्युटर डिस्क सोडेपर्यंत थांबायला हवं.

सासू : म्हणजे गाडी दारात आली, पण माल उतरायचाय. बस तू. तो रंधा दे इकडे.

मुलगा : आई, रंधा खाली ठेव.

सासू : कडीवरचा हात काढ.

मुलगा : मी मुलगा आहे तुझा.

सासू : मला सांगतोस? कळा मीच सोसल्या. हात काढ म्हणते ना.

मुलगा : नाही काढत. तुझ्यानं व्हायचंच नाही, मला ठाऊक आहे. तू मला कधीही... आई गं! आई गं, मेलो!

सून : आई, काय केलंत!

सासू : तू पडद्याकडे बघ!

मुलगा : बोटं... बोटं चेचलीस! परक्या पोरीसाठी पोटच्या पोराला? कुऱ्हाडीचा दांडा निघालीस तू, गोतास काळ!

सासू : दांडा तर दांडा. गोत कोण, ते आजपासून मी ठरवीन. रक्त पुसायला हे फडकं घे.

सून : सुटली! आता काढा म्हणतंय. काढली, आई.

सासू : खिशात घाल. पोलीस सोडून कुणाच्या हातात द्यायची नाही, माझ्यासुद्धा.

सून : बाहेर गाडी थांबली.

मुलगा : आई, त्यांना सांग ना काहीतरी. नेहमीसारखं.

सासू : सांगते, आधी तू ऐक. तुला आधी दवाखान्यात नेतील. बोटांना काय झालं विचारलं, तर आईनं चेचली म्हणून सांग. पडलो म्हणू नकोस. आपल्या घरात आता कुणी पडत नाही.