हात पुढे केलेली बाई

सोन्यासाठी मेली? — परत म्हण बघू, डोनाता, माझ्या तोंडावर म्हण! मघाशी त्या जर्मन पर्यटकांपुढे म्हणालीस, आणि ते खो खो हसले — आता कुठे निघालीस? नाही, बस इथे, फोटो काढू दे त्यांना. आणि अनिएल्लोकाका, अनिएल्लोकाका करून लाडीगोडी लावू नकोस मला. गाईड झालीस म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बाईची अब्रू काढशील? — पाटीवर लिहिलंय म्हणे. पाटी लिहिणाऱ्याने कधी कुदळ धरलीय का हातात? सोन्याची बांगडी तिच्यापासून हातभर अंतरावर सापडली, बाईचा हात त्याच बाजूला — झालं, हावरट बाई! उचलली जीभ, लावली टाळ्याला!

मला कसं ठाऊक? अगं, मी खणून काढलीय तिला. ज्वालामुखीच्या राखेत माणूस कुजून जातं, त्याची पोकळी उरते, तिच्यात प्लॅस्टर ओतलं की माणूस परत मिळतं — हे तू रोजच सांगतेस. पण आमचा खणणाऱ्यांचा नियम सांगतेस का? पोकळ आवाज आला की हात थांबवायचा, मुकादमाला हाक मारायची. वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला मी. वीस वर्षं! — आणि त्या शनिवारी तिच्या हातापुढची राख काढताना कुदळ आत गेली. माझीच, आणखी कुणाची? संध्याकाळी चर्चमध्ये आमच्या तान्ह्या लेकीचा, असुंताचा बाप्तिस्मा, पाहुणे घरात, बायकोचे दोन निरोप येऊन गेलेले. मुकादमाला हाक मारली असती तर अंधारापर्यंत सुटका नव्हती. नाही मारली. भोकात हात घातला फक्त. तिच्या पंजाच्या पोकळीला लागून आणखी एक पोकळी होती, एवढीशी, माझी दोन बोटं जेमतेम गेली — मूठ होती गं ती. लहान लेकराची मूठ, आईच्या हातात. पलीकडचं सगळं माझ्या कुदळीने ढासळलेलं.

मी त्या भोकात राख लोटली. पायाने दाबली. सोमवारी प्लॅस्टर ओतलं, बाई मिळाली — हात पुढे, आणि हातात काहीच नाही. आणि त्या शनिवारी चर्चमध्ये असुंताने माझं बोट धरलं, तर मी हिसकून घेतलं. त्याच दोन बोटांतलं होतं ते. लाज वाटली मला, अजून वाटते.

अशी बघू नकोस माझ्याकडे. जा, तुझी माणसं शोधतायत तुला. पाटीवर माझं नाव लिही हवं तर, कुदळ कुणाची होती तेही लिही — तिला हावरट म्हणू नकोस. ऊठ. ऊठ म्हणतो ना!