पहिलं नाव दोघांचं

नाही, त्या खुर्चीवर बसणार नाही मी. दात ठणठणीत आहेत माझे, डॉक्टर. उभ्यानेच बोलते — आणि तुमच्या असिस्टंट बाईंना बाहेर पाठवायची काही गरज नाही, ऐकू दे त्यांनाही. भरल्या हॉलमध्ये माझ्या भावाला उभं केलंत तेव्हा कोणाला बाहेर पाठवलं होतंत? नव्हतंत ना? मग. हो, मिळाला तुमचा निरोप. दवाखान्याच्या जाहिरातीचं काम माझ्याकडेच ठेवणार, फक्त दादाला मध्ये आणायचं नाही. फार उपकार झाले. आणि त्याला तुमच्या त्या धंदेवाल्यांच्या ग्रुपमधून काढा अशी तक्रारही करून मोकळे झालात. ती तक्रार मागे घ्या. बस, एवढ्यासाठी आलेय मी. एक फोन करायचा आहे तुम्हाला, फार काही नाही.

काय म्हणालात — धंद्यात नाती आणू नयेत? मग काय आणू? माझी एजन्सी म्हणजे आहे कोण — मी, डिझाइन करणारी एक मुलगी, आणि दादा. तुम्हाला वाटतं डिजिटल मार्केटिंग म्हणजे सगळं फोनवर होतं, घरबसल्या. कसलं काय. दुसऱ्यांना गिऱ्हाइकं ऑनलाइन मिळवून द्यायची आणि आपली मिळवायची ती हात मिळवून, चहा पिऊन, त्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करून. मी गेले होते की सुरुवातीला तुमच्या त्या सकाळच्या मीटिंगांना. भिंतीला टेकून उभी, हातात कार्डांचा गठ्ठा. कोणी चुकून विचारलं काय करता, की मी सर्च इंजिन कसं चालतं ते पहिल्यापासून समजवायला घ्यायची — समोरचा माणूस कप ठेवून येतो म्हणायचा आणि जो जायचा तो जायचाच. मला स्क्रीन जमते, माणसं नाही जमत. आणि दादाचं बरोबर उलटं. कंपनीच्या स्टोअरमध्ये आयुष्य गेलं त्याचं, कंपनी बंद पडली, आणि हा घरात बसला. बसला म्हणजे काय — दाढी करायची सोडली त्याने. वहिनीचा रडत फोन यायचा. म्हटलं, चल, माझ्याकडे ये, तुला मीटिंगांमध्ये जाऊन नुसतं बोलायचंय. आरशासमोर उभा राहून एका मिनिटाचं भाषण पाठ केलं त्याने, या वयात. आणि तुम्हीच सगळ्यांनी डोक्यावर घेतलंत की त्याला. तुमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसभर हॉस्पिटलात कोण बसलं होतं? तुम्ही तर इथे होतात, दाढा काढत.

बरं, चूक झाली. झाली ना, नाही कोण म्हणतंय? तुमच्या ग्रुपचा नियम — एका धंद्याचा एकच माणूस. एकच दातांचा डॉक्टर, एकच वकील, एकच प्रिंटिंगवाला. म्हणून तुम्ही निर्धास्त. पण दादा दोन ग्रुपमध्ये जायचा, तुमच्या आणि त्या स्टेशनजवळच्या. तिथेही एकच दातांचा डॉक्टर. कोण — तर या समोरच्या बाई, ती पाटी दिसते ना खिडकीतून, त्या. भोळेपणाने तुम्हाला बोलून बसला की नेटवर शोधल्यावर पहिलं नाव तुमचं येईल, आणि तेच त्यांनाही. माणूस समोर आला की याला नाही म्हणताच येत नाही, कंपनीतही लोक याच्या डोक्यावर बसायचे.

फसवणूक? जपून बोला, डॉक्टर. फसवणूक काम न करणारा करतो. मी जीव तोडून काम केलंय, दोघांचंही. दाढेचं रूट कॅनाल कोणी शोधलं की तुम्ही वर, दातांना तारा कोणी शोधल्या की त्या वर. आणि नुसतं दातांचा डॉक्टर असं शोधलं तर एक आठवडा तुम्ही, एक आठवडा त्या. किती अवघड असतं ते माहितीये? आपणच आपल्याला हरवायचं आणि परत दुसऱ्या बाजूने जिंकायचं. दादा आला होता माझ्याकडे त्याच दिवशी, तोंड उतरलेलं — छोटे, घोळ झाला, दोन दातवाले झालेत, त्या बाईंना जाऊन नाही म्हणतो आणि माफी मागतो. मीच म्हटलं, खबरदार. आलेलं गिऱ्हाईक कोणी परत पाठवतं? तू तोंड मिटून बस, मी बघते. आणि बघितलं मी. वर्षभर दोघांनाही कळलं नाही, दोघंही खूश. तुमची वेटिंग रूम आत्ता भरलेली आहे, ती काय आपोआप भरली?

तुम्ही दोन्ही ग्रुपांची ती एकत्र सभा भरवली नसती तर आजही कळलं नसतं. उभं राहून आभार मानायची हौस तुम्हाला. तुम्ही मानलेत — या गृहस्थांनी मला पहिल्या क्रमांकावर नेलं. टाळ्या. मग पलीकडच्या टेबलावरून त्या बाई उठल्या, त्यांनीही शब्दाला शब्द तेच सांगितलं. मग हशा. तिथेच हसून सोडून द्यायचं होतं. पण नाही. तुम्ही परत उठलात, त्याला समोर बोलावलंत आणि जाब विचारलात, शाळेतल्या पोराला विचारावा तसा. मला प्रिंटिंगवाल्यांकडून कळलं. दादा घरी येऊन एवढंच म्हणाला की जरा गोंधळ झाला. आता मीटिंगचा दिवस आला की इस्त्रीचा शर्ट घालतो आणि पलंगावर बसून राहतो. वहिनी मला काही बोलत नाही, नुसती बघते. राग येतो मला, डॉक्टर. तुमचा येतो, त्या हसणाऱ्या सगळ्यांचा येतो. चांगल्या माणसाला तोंडघशी पाडून तुम्हाला मिळालं काय?

काय? — परत सांगा. त्याने काय सांगितलं?

नाही, प्रिंटिंगवाले हे नाही बोलले. ते म्हणाले, मान खाली घालून उभा होता. — माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नाही. ती बिचारी नुसतं सांगितलेलं काम करते. दोष एकट्याचा, माझा. — असं म्हणाला? माईकवर? सगळ्यांसमोर?

घरी नाही बोलला हे.

म्हणून काम माझ्याकडे ठेवलंत तुम्ही. म्हणून फक्त त्यालाच...

आणि मी आत्ता तुमच्यासमोर उभी राहून सगळं —

नाही. पाणी नको. तुमचे लोक बाहेर ताटकळलेत, डॉक्टर. बोलवा त्यांना.