बॉलला पाय न लावणारा समीर

तुम्ही म्हणता मला खेळाडू ओळखता येतो, पण गेल्या वर्षी मी पार फसलो असतो. मी कॉलेजचा कोच, आमच्या फुटबॉल टीमसाठी एक डिफेंडर हवा होता. मुरगूडच्या शाळेतला समीर बघायला गेलतो. बारावीचं पोरगं, अंगानं दरवाजाएवढं. पण अख्ख्या मॅचमध्ये त्याचा पाय बॉलला चारदाबी लागला न्हाय.

त्याच्या सरांना म्हटलं, "पोरगं दांडगं हाय, पण खेळलं कुठं?"

सर म्हणाले, "मला नगा इचारू. समोरच्या स्ट्रायकरला इचारा."

तो स्ट्रायकर तोंड पाडून बूट काढत बसलता. आदल्या मॅचला तीन गोल मारलेला गडी. इचारल्यावर म्हणाला, "सर, मी जाईन तिथं ह्यो आधीच उभा. शेवटी आमच्या पोरांनी मला पास द्यायचंच सोडलं की!"

मलाच लाज वाटली. तिथंच समीरला नक्की केलं आणि निघालो, तर स्ट्रायकर अनवाणीच मागनं पळत आला.

"सर, मलाबी तुमच्याच कॉलेजात घ्या की! परत ह्याच्या समोर खेळायला नको!"