मिठाच्या पाण्यात धुतलेला फोटो

माझा जन्म कळव्याचा. आम्ही आगरी, बापूस मिठागरावर होता, आयस भाजीची पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची, आणि मी त्यांची चौथी मुलगी, म्हणजे बघा, जन्मल्यावर कोणी पेढे वाटले नसणार. दहावीला गणितात नापास झाली ती झालीच. मग आयस बोलली, घरात बसून काय अंडी उबवणार का, कल्याणला एक फोटोवाले हायेत, चांगला माणूस हाय, जा तिथं, झाडलोट कर, चार लोकांत बोलायला तरी शिकशील. अशी मी या लाइनीत आली. काय सांगू तुम्हाला ताई, पहिल्याच दिवशी त्या फोटोवाल्यांनी, आमच्या मास्तरांनी, मला काळोख्या खोलीत नेलं, लाल बल्ब लावलेला, थाळीतल्या पाण्यात पांढरा कागद टाकला, आणि बघते तर कागदातनं एक म्हातारा मिशीसकट वर यायला लागला. मी किंचाळली. मास्तर हसून हसून बेजार, म्हणाले अगं सुमन, भूत नाही ते, समोरचे कापडवाले आहेत.

झाडलोट राहिली बाजूला, मास्तरांनी मला रिटचिंगला बसवली. माझा हात हलका, ते त्यांनी बघितलं. खालनं बल्ब लावलेली काच असते, तिच्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि बारीक पेन्सिल फिरवायची, कोणाचा मुरुम घालवायचा, कोणाच्या डोळ्याखालचं काळं, आणि निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं बरं का, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, त्याची डोक्याला सवय व्हावी लागते. आणि लोक काय काय घेऊन यायचे! कोणाची बायको सवाष्ण गेली आणि फोटोत कपाळ मोकळं दिसतंय, तर बोलायचे, कुंकू घालून द्या. मग मी ब्लेडच्या टोकानं निगेटिव्हवर एवढंसं खरवडायची, मोहरीएवढं, की फोटोत कपाळावर काळा टिळा. किती बायकांना मी असं कुंकू लावलंय त्याला गणती नाय.

लग्न होऊन कोलशेतला आली. सासरेही मिठागरावरचे, ते माझा नवरा लहान होता तेव्हाच गेले, आणि सासूनं डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून दोन पोरं वाढवली. त्या सासूबद्दलच तुम्हाला सांगायचंय. आता नव्वदीला टेकली, पण जीभ अजून विशीतली. तिला पिशवीतलं बारीक मीठ चालत नाय, त्याला ती पीठ बोलते, तिचं खडेमीठ वेगळं, गोणी भरून घरात असतंच. मी कल्याणचं काम सोडलं नाय, नवरा कंपनीत होता, तो स्वभावानं गरीब, बोलला तुला आवडतंय ना, मग जा. पण सासू पहिली दोन वर्षं माझ्याशी धड बोलली नाय. सून फोटोवाल्याकडं जाते म्हणजे काय, गावाला सांगायचं काय. मग मी घरी बाथरूममध्ये फिल्म धुवायला लागली, दाराच्या फटीला चादर कोंबायची आणि आत काळोख करायची, की ही बाहेरनं दार बडवणार, गो सुमन, आत मेलीस का, मना अंघोल करायची हाय! मी ओरडायची, आय दार उघडू नका, फिल्म जळेल, तर बोलायची जलू दे, मना सोड.

आता एक सांगते, ते लिहा. माझ्या लग्नाच्या आल्बममध्ये माझी सासू नाय. एका पण फोटोत नाय. सख्ख्या मुलाचं लग्न, हिनं राबराब राबून केलेलं, आणि फोटोच्या टायमाला कोणीतरी बोललं, तू जरा बाजूला हो, तुझं काय काम मध्ये. बाई विधवा, तिनं नवऱ्या-नवरीच्या बाजूला उभं राहायचं नाय. ती झाली बाजूला. त्यानंतर ती घरच्या कुठल्याच फोटोत आली नाय, बारशाला नाय, वास्तुशांतीला नाय, कोणी मोबाइल वर केला की पदर तोंडावर ओढून आत. आणि मला ते कळलं कधी, तर सहा वर्षांपूर्वी माझा नवरा गेला तेव्हा. पुढच्याच वर्षी माझ्या मुलीचं लग्न, मी गळ्यात कॅमेरा अडकवला आणि लग्नभर फोटो काढत फिरली. सगळे बोलले, सुमनला बघा किती हौस. हौस कसली, कॅमेऱ्यामागं उभं राहिलं की कोणी बाजूला हो बोलत नाय.

मास्तरांचं दुकान तोपर्यंत बंद झालेलं. रंगीत आलं, मशीन आल्या, मोबाइल आले, कोण येणार. बंद करताना त्यांनी एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरनं कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र, मलाच दिला, म्हणाले घेऊन जा, माझ्या मुलाला हे भंगार वाटतं. तो मी टेम्पोत टाकून आणला. आणि तेव्हापासून आपलं घरच्या घरी, वर्षाला पाच-सहा रोल, खाडी काढते, कोळणी काढते, आमच्या समोरचे टॉवर काढते. फिल्म मुंबईहून मागवते. मुलगी बोलते आई, फोनवर ब्लॅक अँड व्हाइट होतं की एका बोटानं. होत असेल, मला धुतल्याशिवाय फोटो काढला असं वाटत नाय, त्याला मी काय करू.

तर यंदा गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी माझ्याजवळ आली, मी बोंबील साफ करत होती. बोलली गो सुमन, माझा एक फोटो काढ. माझ्या हातातला बोंबील सुटला. मी बोलली आय, बरं आहे ना? तर बोलली, मी मेल्यावर पोरं आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावतील, त्यात मी चोरासारखी दिसतंय. काढ तुझ्या त्या काल्या फिल्लमवर, रंगीत नको. मी विचारलं रंगीत का नको, तर इकडं तिकडं बघितलं आणि हळूच बोलली, मी कुंकू लावनार हाय. काल्या फोटोत लाल दिसत नाय ना? गोंदन हाय का कुंकू, कोनाला काय समजनार.

पन्नास वर्षं त्या कपाळाला कुंकू नाय. मी बोलली आय, तुम्ही नुसत्या बसा, कुंकू मी नंतर निगेटिव्हवर घालते, माझं कामच आहे ते, कोणाला पत्ता लागणार नाय. तर अशी भडकली! बोलली, तू खरवडून घालनार ते तुझं. मना माझ्या हातानं लावलेलं पायजे. आणि एकदाच लावीन, परत सांगशील तर बसनार नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर बसवली. दाराला आतनं कडी. कुंकवाचा करंडा तिनं स्वतःच्या ट्रंकेतनं काढला, कधीपासून ठेवलेला देव जाणे, कुंकू पार दगड झालेलं, पाण्याच्या थेंबात बोट घासून घासून लावलं, आरसा नाय, तरी बरोबर मधोमध. मी लेन्सवर मास्तरांची हिरवी काच चढवली, कारण तशीच फिल्म वापरली तर लाल रंग फिका येतो आणि कपाळात मिसळून जातो, हिरव्या काचेतनं तो काळा येतो. म्हातारी ताठ बसली. मी बोलली हसा जरा, तर बोलली हसू कशाला, दात कुठं हायेत. आठ फोटो काढले. मग तिनं पदरानं कपाळ पुसलं, खसाखसा, आणि बोलली, झालं.

लगेच फिल्म धुवायला घेतली, मला दम कुठं. ही बाहेर खुर्ची टाकून बसली, दार न बडवता, पहिल्यांदा आयुष्यात. काळोखात फिल्म चक्रीवर चढवली, डब्यात घातली, झाकण लावलं, की मग उजेड चालतो. डेव्हलपर, म्हणजे चित्र वर आणायचं औषध, ते झालं, पाणी झालं, मग हायपो. हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं औषध, खडे असतात पांढरे, ते पाण्यात विरघळवायचे, त्यानं फिल्मवरचा दुधाळ थर जातो आणि फिल्म काचेसारखी होते. बरणीतनं चार मुठी घेतले, विरघळवले, ओतलं, दहा मिनिटं हलवत बसली. झाकण किलकिलं करून बघते तर फिल्म दुधासारखी. पांढरीफेक. मी झाकण धाडकन लावलं. परत पाच मिनिटं. तसंच. मग मी बोट त्या पाण्यात बुडवून जिभेला लावलं.

मीठ.

मी बाहेर आली, बोलली आय, या बरणीला हात कोणी लावला? तर म्हातारी शांतपणे बोलते, मीच. ते मीठ नासलेलं. मी बोलली मीठ नासतं? तर बोलली, मना शिकवतंस? सगला जन्म मिठात गेला माझा. खडा जिभेवर ठेवला, खारट नाय, कडू लागला, असलं मीठ घरात कोन ठेवतं, नारलाच्या बुंध्यात टाकून दिलं आनि माझ्या गोनीतलं चांगलं भरून ठेवलं. ताई, मी तिला नको नको ते बोलली. बोलली तुम्ही माझ्या कामाला कधी काम समजलातच नाय, बरणीला हात लावायच्या आधी एक शब्द विचारायला काय झालेलं, आता गेला फोटो, आता बसा आधारकार्ड घेऊन. म्हातारी उलट बोलली असती तर बरं झालं असतं. नुसता हात कपाळाकडं गेला तिचा, पुसलेल्या जागेवर, आणि तिथंच राहिला.

ते बघून माझीच मान खाली गेली. मास्तरांना फोन लावला. आता थकलेत, कानाला कमी येतं, ओरडून सगळं सांगितलं. म्हणाले, मीठ? आणि हसायला लागले, मला इतका राग आला. मग म्हणाले, अगं वेडे, घाबरू नकोस, डब्याचं झाकण बंद ठेव. हायपो सापडायच्या आधी लोक मिठावरच भागवायचे. पण दहा मिनिटांत नाही होणार, पूर्ण दिवस लागेल, आणि मीठ असं घाल की पाण्यात आणखी विरघळताच कामा नये. आणि पाणी कोमट ठेव, गरम नको, नाहीतर फिल्मचं कातडं सुटेल.

मी घाईघाईनं पातेल्यात मीठ टाकायला लागली. मागनं आवाज आला, सरक. म्हातारी खाली बसली, पाणी दोन बोटांत धरून चोळलं, बोलली हे काय, आमटी करतंस? गोणीतनं ओंजळ ओंजळ घातलं, ढवळलं, परत बोटांत चोळलं, परत घातलं, तळाला खडे राहिले तेव्हा थांबली, मग फडक्यातनं गाळलं. बोलली, आता धरंल. डबा भरला. ती बोलली उन्हात ठेव, मी बोलली उन्हात नको, शेवटी गच्चीवर तापल्या लादीवर, पण सावलीत, असं ठरलं. आणि ही नव्वद वर्षांची बाई डब्याजवळ बसून राहिली, दर थोड्या वेळानं डबा उचलायची, हलवायची, ठेवायची. मी जेवायला उठा बोलली तर बोलली, मिठागरात मीठ पडतानी मानूस उठून जात नाय. संध्याकाळी डबा पदराखाली धरून खाली आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला. मी नाय, मी बोलली आय, तुम्ही उघडा. फिल्म वर काढली तर काचेसारखी लख्ख. थोडी जांभळट झाक होती, ती नंतर मुंबईहून हायपो आल्यावर त्यात घालून काढली. आठच्या आठ फोटो. मी उजेडाकडं धरली, निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, म्हातारीचं तोंड काळं आणि कपाळावर पांढरा ठिपका. ती घाबरली, बोलली गो, हे काय? मी बोलली तेच तुमचं कुंकू. मग आम्ही दोघी रडलो, सांगते सरळ. मी तिच्या पाया पडली, जे बोलली त्याबद्दल. ती बोलली ऱ्हाऊ दे, बरनीवर नाव लिहीत जा, आणि मग तिलाच आठवलं तिला वाचता कुठं येतं, तर रडतारडता हसायला लागली.

कागदावर फोटो काढला त्या दिवशी तिला बाथरूममध्ये स्टुलावर बसवली, लाल बल्ब लावला. थाळीत कागद टाकला. आधी काळं असतं तेच वर येतं ना, तर आधी कुंकू आलं. कोऱ्या कागदावर नुसतं कुंकू. मग डोळे, मग नाकपुड्या, मग हळूहळू सगळी म्हातारी. ती वाकून बघत राहिली. मग बोलली, बरी दिसायची गो मी. आणि तसंच थाळीकडं बघत बोलली, आता तू बस.

मी बोलली मी कशाला. बोलली, सहा वर्सं बघतंय, पोरीच्या लग्नात कॅमेरा घेऊन पलत होतीस, मना काय समजत नाय? दुसऱ्या दिवशी सकाळी मला गच्चीवर बसवली, त्याच करंड्यातनं बोट भिजवलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. तिचं बोट खरखरीत, कपाळावर घासलं ते अजून आठवतं. मी बोलली आय, कोणी बघेल. बोलली, बघू दे, मी हाय ना इथं बसलेली. मग मी कॅमेरा सेट करून तिच्या हातात दिला आणि बोलली हे बटण, एकदाच दाबायचं, हलायचं नाय.

हे बघा, इथं हॉलमध्ये दोन्ही लावलेत, बाजूबाजूला. तिचा सरळ, माझा हा असा वाकडा, अर्धं डोकं उडालंय, मागं दोरीवरचं लुगडं आलंय. पण कुंकू बघा, कसं स्वच्छ आलंय. मुलगी जावयाला घेऊन आली तेव्हा दोघं फोटोंसमोर उभे राहिले, मुलीनं माझा हात धरला. म्हातारीची तब्येत आता अशीच असते, आज बरी, उद्या नाय, मी देवाला एवढंच बोलते, नेशील तेव्हा ने, पण घाई करू नको. आणि येणारा जाणारा विचारतो, काय हो, तुम्ही फोटोवाल्या आणि तुमचाच फोटो एवढा वाकडा कोणी काढला? मी तोंड उघडायच्या आधीच ती आतनं खाटेवरनं ओरडते, मी काढला, तीच हालली.