भांडायला नाही, न्यायला

ताई : नळ बंद करू नकोस. वाहू दे.

धाकटा : अगं, गळतोय म्हणून तूच बोलावलंस ना मला स्वयंपाकघरात? पाणी चालू ठेवून वॉशर कसा बदलू?

ताई : वॉशर गेला खड्ड्यात. फोन दे तुझा.

धाकटा : कशाला? अगं, कुठे टाकतेस? वॉशिंग मशीनमध्ये? ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?

ताई : माझाही आत टाकलाय. लावलं झाकण. आता सांग, मघाशी दारात बूट काढताना आईला काय म्हणालास?

धाकटा : गंमत केली गं. आई म्हणाली, आल्या आल्या भांडू नका. मी म्हटलं, भांडायला नाही, न्यायला आलोय. बाजारात न्यायचंय ना तिला? तूच नाही का म्हणायचीस हे? मी मैदानावरून घरी यायचो नाही, मग बाबा तुला पाठवायचे. तू पोरांसमोर उभी राहून म्हणायचीस, 'मी भांडायला नाही, न्यायला आलेय.' आणि मग माझा कान धरायचीस.

ताई : इतक्या वर्षांत एकदा तरी आठवलं होतं का तुला ते? मग आजच कसं आठवलं?

धाकटा : आठवलं, झालं.

ताई : छोट्या, माझ्याकडे बघ. हे वाक्य तू कुठे ऐकलंस?

धाकटा : तुझ्याच तोंडून.

ताई : या आठवड्यात कुठे ऐकलंस ते विचारतेय.

धाकटा : ते मला सांगता येत नाही, आणि तुला विचारता येत नाही. सैन्याची वकील आहेस, नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

ताई : आहेत पाठ. तरी विचारतेय.

धाकटा : आणि कुणी ऐकलं तर?

ताई : नळ त्यासाठीच चालू आहे. बोल.

धाकटा : परवा आम्हा पायलटांना एका खोलीत बसवलं. कुठे जायचं, कुणासाठी जायचं, सगळं सांगितलं. शेवटी साहेब म्हणाले, 'लक्षात ठेवा, आपण भांडायला जात नाही, न्यायला जातोय.' सगळे हसले. मी नाही हसलो. मला वाटलं, आत्ता कुणीतरी कान धरणार माझा.

ताई : देवा!

धाकटा : म्हणजे तुझंच वाक्य ते.

ताई : तुझी तुकडी? तुमची हेलिकॉप्टरं तर पुरावर होती ना? लोकांना उचलायला गेली होती.

धाकटा : परत बोलावली. ताई, तू लिहिलंस ते?

आई : अरे, पाणी किती वाया घालवताय! टाकी रिकामी होईल. आणि मशीनमधून कसला आवाज येतोय? कुणाचा तरी फोन वाजतोय आत!

ताई : वाजू दे, आई! गाणी लावलीत आम्ही!

आई : मशीनमध्ये? मी कपाळावर हात मारून घेऊ की तुमच्या मारू?

धाकटा : आई, दहा मिनिटांत झालंच! तू पिशव्या काढून ठेव!

ताई : हळू बोल आता. मी लिहिलं, पण त्यासाठी नाही लिहिलं. ऐक. आमच्याकडे एक पद्धत आहे. अवघड प्रश्न आला की साहेब तो दोघांना वाटून देतात. एकाने लिहायचं, हे कायद्यात बसतं. दुसऱ्याने लिहायचं, बसत नाही. तुझं स्वतःचं मत काय, ते कुणी विचारत नाही. दोघांनी जीव तोडून लिहायचं, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून साहेब ठरवतात. प्रश्न आला : शेजारच्या देशाच्या अध्यक्षावर आपल्या कोर्टाचं वॉरंट आहे, तर सैन्य पाठवून त्याला पकडून आणता येईल का? माझ्या वाट्याला 'येईल' आलं. 'येणार नाही' आलं समोरच्या टेबलावरच्या टकल्याला.

धाकटा : आणि टकल्याने काय लिहिलं?

ताई : काहीच नाही. त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तो दवाखान्यात पडलाय. मला वाटलं, साहेब थांबतील किंवा दुसऱ्या कुणाला बसवतील. त्यांनी माझ्या एकटीचा कागद वर पाठवला. वरच्यांना तो आवडला. ते वाक्य तर फारच आवडलं.

धाकटा : आवडणारच. सुटसुटीत आहे.

ताई : मीच खूश होते रे त्या वाक्यावर. लिहिलं तेव्हा स्वतःशी हसले होते.

धाकटा : बरं, मग खरं काय? टकल्याची बाजू तू लिहिली असतीस तर?

ताई : अर्ध्या पानात संपवली असती. दुसऱ्याच्या देशात फौज घेऊन शिरायचं तर त्या देशाने बोलावलं पाहिजे, नाहीतर सुरक्षा परिषदेने परवानगी दिली पाहिजे, नाहीतर त्याने आपल्यावर हल्ला केला पाहिजे आणि तो अंगावर आहे तोवरच आपण हात उचलायचा. यातलं इथे काय आहे? त्याने आपली प्रवाशांची बोट बुडवली त्याला दोन वर्षं झाली. आणि खुर्चीवर बसलेल्या परक्या अध्यक्षाला आपल्या गावच्या कोर्टाचं वॉरंट लागू होत नाही. आपल्या कोर्टाचा शिक्का आपल्या कुंपणापर्यंत चालतो. पलीकडे तो नुसता कागद.

धाकटा : पण तो माणूस नालायक आहे.

ताई : आहेच. त्याबद्दल कोण वाद घालतंय? पकडला जावा असं मलाही वाटतं. रोज वाटतं. म्हणून तर इतकं चांगलं लिहून झालं.

धाकटा : मला एकच सांग. मी काल रात्रभर हेच घोळवतोय. हेलिकॉप्टर पडलं आणि मी जिवंत राहिलो, तर मी कोण?

ताई : पडलं वगैरे बोलू नकोस.

धाकटा : ताई, वकिलासारखं सांग. बहिणीसारखं नको.

ताई : सैनिक पकडला गेला तर तो युद्धकैदी. त्याला मारायचं नाही, छळायचं नाही, नुसतं लढला म्हणून खटला भरायचा नाही. युद्ध संपलं की घरी पाठवायचं.

धाकटा : पण आपण म्हणतोय की हे युद्धच नाही.

ताई : आपण म्हणू काहीही. गणवेशातली माणसं एकमेकांवर गोळ्या झाडायला लागली की कायद्याच्या लेखी ती लढाईच. नाव बदलून ती बदलत नाही.

धाकटा : हे तू म्हणतेस. त्यांच्या तुरुंगातला जेलर काय म्हणेल?

ताई : म्हणेल, तुझ्याच सरकारने जाहीर केलंय की हे युद्ध नाही, अटक आहे. मग तू सैनिक कसला? रात्री घरात शिरून माणूस पळवणारा दरोडेखोर तू. आणि तुमच्या हातून पहाऱ्यावरचं कुणी मेलं असेल तर खुनी. कोर्टात माझं वाक्य वाचून दाखवतील. माझंच. आणि तुला...

धाकटा : बस्स. कळलं.

ताई : मला बसू दे जरा.

धाकटा : बस इथे स्टुलावर. पाणी पी. त्या पहारेकऱ्यांना तरी कोण सांगणार, की घाबरू नका, ही नुसती अटक आहे? अंधारात छपरावर माणसं उतरताना दिसली तर मीही गोळीच घालेन.

ताई : तू भीत नाहीस?

धाकटा : भीत नाही? काल जेवताना घास फिरत होता तोंडात. उड्डाणाची भीती नाही गं, ती सवयीची आहे. पण पकडलं तर आपलं म्हणून विचारणारं कुणी नसेल, ह्याची वाटते.

आई : झालं का तुमचं? चहा टाकायचाय मला. सरका. ही अशी पांढरीफटक का पडलीय?

धाकटा : उपाशी आहे. रविवारी उशिरा उठते ना.

आई : बातम्या लावल्या होत्या मी. तो मेला पुन्हा दिसला. हात हलवत होता बाल्कनीतून. माझ्या बहिणीचं पोर गेलं त्या बोटीत, आणि ह्याच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही! फरफटत आणलं पाहिजे त्याला. कोर्टात उभा केला पाहिजे, म्हणजे माझ्या बहिणीला दोन घास गोड लागतील.

धाकटा : पण आणायला कोण जाणार, आई?

आई : जाईल कुणीतरी. एवढी फौज पोसतो आपण.

धाकटा : कुणीतरी म्हणजे?

आई : कुणीतरी म्हणजे कुणीतरी. तू नव्हेस! तू आपला पुरातली माणसं उचल. हसतोस काय? आणि त्या मशीनमधले फोन काढा आधी. मी पिशव्या शोधते. चहा तुम्हीच टाका.

ताई : ऐकलंस?

धाकटा : ऐकलं. सगळ्या घरांत असंच चाललं असेल. आणा त्याला, पण आमच्याला पाठवू नका.

ताई : तू जाऊ नकोस. आजारी पड. पाठ धरली म्हण. मी डॉक्टर बघते ओळखीचा.

धाकटा : मग माझ्या जागी माझ्या मागचा जाईल. त्याचं लग्न होऊन वर्ष नाही झालं. त्याची बहीण वकील नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

ताई : त्याचं मला सांगू नकोस.

धाकटा : का नको? मला खरं सांग ताई. जाणाऱ्यांच्या यादीत मी नसतो, तर?

ताई : तर काय?

धाकटा : तर तू आज काय केलं असतंस?

ताई : आज संध्याकाळी मला नियंत्रण कक्षात बसायचंय. कायद्याच्या खुर्चीवर.

धाकटा : तू? आज?

ताई : शुक्रवारी सांगितलं. लिहिलंय हिनेच, तर बसेलही हीच. हेलिकॉप्टरं सुटण्याआधी सेनापती एकेका खुर्चीला विचारतात. हवामान? इंधन? दवाखाना? शेवटी विचारतात, कायदा? आणि मी म्हणायचं, 'हरकत नाही.' कागदावर काहीही असो, तोंडाने म्हणावं लागतं. त्याशिवाय सुटत नाहीत.

धाकटा : आम्हाला ऐकू येतं ते. हेडफोनमध्ये. मला वाटायचं कुणी म्हाताराबिताराच असतो तिथे.

ताई : तू विचारलंस ना, तू नसतास तर काय केलं असतं? म्हटलं असतं, हरकत नाही. शुक्रवारपासून आरशासमोर तेच म्हणून बघतेय. घाबरत घाबरत म्हटलं असतं, घरी येऊन झोपेची गोळी घेतली असती, आणि उद्या टीव्हीवर कुणाची तरी आई रडताना दिसली की चॅनल बदललं असतं. झालं समाधान?

धाकटा : समाधान कसलं? निदान खरं बोललीस.

ताई : लाज वाटतेय मला.

धाकटा : लाजेचं नंतर बघू. संध्याकाळचं काय?

ताई : 'हरकत आहे' म्हटलं तर तिथल्या तिथे उठवतील मला.

धाकटा : आणि दुसरा बसवतील.

ताई : लगेच नाही बसवता येत. जो बसतो त्याने सगळं प्रकरण वाचून सही केलेली असावी लागते, आणि ती माझ्याशिवाय कुणी केलेली नाही. टकल्या टाके घालून पडलाय. दुसरा तयार होईपर्यंत सकाळ होईल. आणि तो अध्यक्ष त्या घरात फक्त आज रात्रीपुरता आहे, सकाळी नसेल.

धाकटा : मग पुढच्या आठवड्यात पाठवतील.

ताई : पाठवतीलही. पण तेव्हा दोन कागद असतील टेबलावर. टकल्याचा मी लिहीन. तिथलं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. कुणी पकडला गेला, तर त्याच्या वकिलाला ते मागता येईल. त्याला म्हणता येईल, हा सैनिक आहे, ह्याला पाठवलं होतं, आणि पाठवणाऱ्यांपैकी एकीने स्वतः सांगितलं होतं की ही अटक नव्हे, लढाई आहे.

धाकटा : तुला काय करतील?

ताई : नोकरी जाईल. आणि आत्ता तुझ्याशी बोलले हे कळलं, तर मीच आत जाईन. तूसुद्धा.

धाकटा : म्हणजे मशीन बरोबर होतं.

ताई : हसवू नकोस. मला भीती वाटतेय, छोट्या. खूप वाटतेय. ती खोली तू पाहिली नाहीस. सगळे गणवेशात, मागे भलामोठा पडदा, त्यावर ते घर दिसतं. परसात कुणीतरी कपडे वाळत घातलेले दिसतात. सेनापती नुसतं वळून बघतात, आणि माझ्या तोंडून आपोआप 'हो सर' निघतं. आयुष्यभर 'हो सर'च निघालंय. आयत्या वेळी घशातून आवाज फुटला नाही तर?

धाकटा : मैदानावर फुटायचा.

ताई : तिथे बारकी पोरं होती.

धाकटा : बारकी? तो जाडा आठवतो ना, बॅट घेऊन उभा राहायचा? तो तुझ्याहून वीतभर उंच होता. आणि तुझा आवाज तेव्हाही असाच व्हायचा. मला कानाजवळ कळायचं ना. कान धरलेला हात लटलट कापायचा तुझा.

ताई : तुला माहीत होतं?

धाकटा : म्हणून तर मुकाट्याने यायचो. चल, एकदा म्हणून दाखव. मी सेनापती. कायदा?

ताई : इथे?

धाकटा : इथेच. थांब, आधी हा नळ बंद करतो. पाण्याच्या आवाजात नको.

(नळ बंद होतो.)

धाकटा : हवामान ठीक. इंधन ठीक. दवाखाना ठीक. कायदा?

ताई : हर... हरकत आहे.

धाकटा : ऐकू आलं नाही. कायदा?

ताई : हरकत आहे!

धाकटा : आवाज थरथरतोय तुझा.

ताई : थरथरू दे. ऐकू येतंय ना?

आई : येतंय गं, इथपर्यंत येतंय. कशाला हरकत आहे?