राजूरला उतरणारं वॉरंट

राजूरच्या एसटीत पुंजाराम म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून एक अनोळखी गडी घोरत होता. म्हाताऱ्याचे कान मात्र पुढच्या बाकावरच्या दोघींकडे होते.

"गोजरे, पोरीच्या पोटगीचा निकाल लागून चार वर्षं झाली ना गं?"

"झाली की, मावशी. पण तिचा नवरा मस्कतला. तिथलं कोर्ट जालन्याचा कागद मानत न्हाई. कागद दोनदा इमानात बसून वापस आला. मी अजून औरंगाबाद पाह्यलं न्हाई."

"थकलीस. सोड आता."

"थकले तर हायेच. पण दुसरीला पोरगा झाला म्हणून आज राजूरला नवस फेडायला येऊन राह्यला. कोर्टाला भेत न्हाई, गणपतीला बराबर भेतो."

"अन् धरणार कोण त्याला?"

"मागं त्या आजोबाच्या खांद्यावर घोरून राह्यला ना, तो साध्या कपड्यातला हवालदार. वॉरंट त्याच्याच खिशात हाय. त्याचं तिकीट बी मीच काढलं."

पुंजारामाने खांदा जोरात हलवला.