मागचं आतलं चाक

नाही नाही, ओरडू नका त्यांच्यावर, तुमच्या गाडीला काही करत नाहीयेत ते. चाकं वाजवून बघतायत फक्त. लाकडी हातोडी आहे, साधा ओरखडा उमटायचा नाही. दुकानापुढे गाडी थांबली की ते उठतात आणि सगळी चाकं वाजवतात — माझे भावोजी आहेत, मोठ्या बहिणीचे यजमान — करू द्या त्यांना. तुम्ही इकडे बघा. चार सेन्सरचा संच हवा म्हणालात ना? तो मी देत नाही. आहे, कपाटात आहे, खोटं कशाला बोलू, पण मोटरहोमला, अशा चालत्या घराला, देत नाही. तुमच्या गाडीला पुढे दोन चाकं आणि मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं, झाली किती? सहा. मग चारांचीच हवा बघायची, उरलेल्या दोघांनी काय घोडं मारलंय?

सोपं आहे हो. हा सेन्सर टोपीसारखा व्हॉल्व्हवर बसतो आणि हा छोटा पडदा, स्क्रीन हो, तुमच्यासमोर. हवा उतरली की ओरडतो, चाक तापलं की ओरडतो. सकाळी गाडी थंड असताना हवा भरायची आणि तोच आकडा यात घालायचा — उन्हातून धावून आल्यावरचा नाही, तो फुगलेला असतो. आता आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही, त्याला ही लांब नळी जोडावी लागते, खटपट असते, म्हणून लोक आतली दोन सोडूनच देतात. म्हणतात, बाहेरचं ठीक तर आतलंही ठीकच असणार. कोण म्हणतं? सगळे म्हणतात. धंद्यातले जुनेजाणते म्हणतात. मीही म्हणायचे.

ताईला मीच म्हटलं होतं ना. इथेच, तुम्ही उभे आहात तिथेच उभी होती. भावोजी निवृत्त झाले आणि दोघांनी गाडी घेतली — जन्मभर शाळेच्या घंटेवर उठली-बसलेली माणसं, पण हौस दांडगी. खिडक्यांचे पडदे तिने स्वतः शिवले, पिवळे. आणि शंका तर काय विचारू नका! आई म्हणायची, हिला स्वर्गात नेलं तरी आधी दारात उभी राहून चौकशी करेल. मला म्हणाली, "आणि आतल्या चाकांचं काय गं?" मी म्हटलं, "ताई, बाहेरचं बरं तर आतलं बरं, किती डोकं खाशील!" गिऱ्हाईकं ताटकळली होती, सहाचा संच त्या वरच्या फळीवर होता, मागून शिडी आणावी लागली असती — एवढंच. एवढंच हो. शिडी आणायचा कंटाळा.

आतल्या चाकातली हवा हळूहळू उतरत गेली. बाहेरून कळत नाही, कारण शेजारचं चाक दोघांचा भार घेऊन उभं राहतं, आणि पडद्यावर आकडा ठणठणीत. भार घेऊन घेऊन तेही तापलं आणि उतारावर फुटलं. सेन्सर ओरडला म्हणे, पण अगदी शेवटी, मग ओरडून काय उपयोग? ताई तेवढ्यात मागे उठून गेली होती — भावोजींच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, त्यांचा गॉगल आणायला. त्यांना खरचटलंसुद्धा नाही.

आणि ते म्हणतात, "माझीच चूक." रोज सकाळी हातोडीने चाकं वाजवायचे, त्याच दिवशी राहिलं — ताई म्हणाली, चला, उशीर होतोय. चांगलं चाक टण्ण वाजतं, बसलेलं भद्द वाजतं, मला कळलं असतं, म्हणतात. तीन वर्षं झाली, रोज येतात, रोज हेच. आणि मी काय म्हणते माहितीये? "नशीब, भावोजी," म्हणते. चहा देते. तिने विचारलं होतं, संच फळीवर होता, हे त्यांना — नाही, नाही माहीत. ते तेव्हा बाहेर गाडीत बसले होते, तुमच्या बाईसाहेब बसल्यात तसेच. आजवर कोणापाशी बोलले नाही मी. तुम्हाला का सांगत बसले कोण जाणे, तुम्ही उद्या कुठल्या कुठे असाल म्हणून असेल. कितीदा ठरवलं, आज सांगायचंच. पण सांगितलं आणि ते यायचे बंद झाले तर? ताईचं म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलंय. स्वार्थ आहे हो, दुसरं काय! माझा भार तो माणूस वाहतोय, आणि मी त्याच्या चहात साखर घालतेय. असे बघू नका माझ्याकडे. सांगेन. आज नाही, पण सांगेन.

तर सहाचा. बरं झालं. हे सेन्सर, ह्या दोन नळ्या, हा पडदा — थांबा. वाजवायचं थांबलं का? पाच ऐकली मी. शेवटचं वाजलं का? मागचं आतलं? तुम्ही ऐकलंत?

या, भावोजी. केव्हापासून उभे आहात दारात? आत या ना. काही नाही हो, ह्यांना सहाचा संच दाखवत होते... ती हातोडी ठेवा ना खाली. भावोजी? बसा, चहा टाकते.

साहेब, हा घ्या तुमचा संच आणि तुम्ही निघा आता. जाताना तेवढं दार ओढून घ्या.